सोळाशेचा आकडा

दिवाळीनंतर अमरावतीला गेलो होतो, तेव्हा ताईच्या आग्रहाखातर एका आहारतज्ज्ञ बाईंना भेटून आलो. माझं वय एक्कावन्न, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. डावा गुडघा जिना चढताना बोलतो आणि रक्तातली साखर सीमारेषेवर आहे. (सीमेवर म्हणजे अजून आपल्याच हद्दीत, असं मी ताईला सांगतो. ती हसत नाही. बाबा गेले तेव्हा त्यांच्या मधुमेहाला बावीस वर्षं झाली होती आणि शेवटची तीन वर्षं त्यांना दिसत नव्हतं.) बाईंनी कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली, कागदावर १६०० लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. रोज एवढ्याच कॅलरी. तीन महिन्यांत सात-साडेसात किलो उतरायला हवेत, म्हणाल्या.

मी अकोल्याला परत आलो आणि काटा विकत आणला. स्वयंपाकघरातला, ग्रॅममध्ये मोजणारा. आई पीठ मळायला बसली तेव्हा मी परात ओढून पीठ काट्यावर ठेवलं.

"काय तोलून ऱ्हायला रे तू? भाकर हाय का सोनं हाय?"

एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीला ३४९ कॅलरी दिल्या आहेत (२०१७ च्या नव्या तक्त्यात आकडा थोडा खाली आला). म्हणजे आईची एक भाकर ३१४. दुपारी दोन, रात्री दोन केल्या की १२५० च्या वर तिथेच गेले. उरलेल्या साडेतीनशेत चून, वांग्याची भाजी, तेल, आणि ऑफिसातला सहा वेळचा चहा बसवायचा होता. चहाचाच हिशेब केला तर दोन चमचे साखर आणि दूध धरून सहा कपांचे चारशेच्या पुढे गेले. भाकर बिचारी उगाच बदनाम होती.

हा सोळाशेचा आकडा आला कुठून, ते आधी सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांना कोणी ना कोणी असा कागद दिलेला असणार. १९९० साली अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनो गावी मिफ्लिन, सेंट जिओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९८ माणसं मोजून एक सूत्र बसवलं. वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, आणि पुरुष असेल तर अधिक ५, बाई असेल तर वजा १६१. माझं उत्तर येतं १६४०. दिवसभर नुसतं पडून राहिलो, तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांना लागणारा हा खर्च. मी अगदीच पडून नसतो, ऑफिसला जातो, संध्याकाळी थोडं फिरतो, म्हणून त्याला १.३७५ नं गुणायचं. झाले २२५५. एवढं खाल्लं तर वजन जागच्या जागी. त्यातून साडेसहाशे वजा केले की १६००. आणि एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी, म्हणून साडेसहाशे गुणिले नव्वद दिवस भागिले ७७०० बरोबर साडेसात किलो. शाळेतल्या हौदाच्या गणितासारखं स्वच्छ. एक नळ भरतो, एक तोटी सांडते.

तीन महिन्यांनी काट्यावर ८० होते. चार किलो. वाईट नाही, पण उरलेले साडेतीन किलो कुठे गेले? थोडं मी चोरून खाल्लं, कबूल. अमरावतीला गेल्यावर गिला वडा न खाता परत येण्याइतका मी मोठा झालेलो नाही. पण साडेतीन किलोंचे गिले वडे काही मी खाल्ले नव्हते. त्या साडेतीन किलोंच्या शोधात मी दोन महिने वाचत बसलो आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो.

पहिला धक्का असा. सोळाशे कॅलरी म्हणजे नक्की किती धान्य, ते काढत होतो. आजी वजनं सांगताना शेर आणि रतल म्हणायची, म्हणून सहज रतलात करून पाहिलं. एक रतल म्हणजे ४५४ ग्रॅम. एक रतल ज्वारी म्हणजे १५८४ कॅलरी. सोळाशेला सोळा कमी. आणि एक रतल धान्य हा आकडा मी आधी कुठेतरी वाचलेला होता.

१८७७ चा दुष्काळ. मद्रास आणि मुंबई इलाखा होरपळत होता. व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपलला दुष्काळाचा दूत म्हणून पाठवलं. हा गृहस्थ आपल्याकडचाच म्हणायचा. १८६२ पासून काही वर्षं तो नागपुरात मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता, आणि १८६७ मध्ये हैदराबादचा रेसिडेंट म्हणून आपला वऱ्हाडही त्याच्या हाताखाली होता. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यानं ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोकांना जगवलं होतं, आणि त्याबद्दल शाबासकीऐवजी उधळपट्टीचा शिक्का त्याच्यावर बसला होता. तो पुसायची संधी त्याला १८७७ मध्ये मिळाली. दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला रोज किती द्यायचं? त्यानं ठरवलं, एक रतल धान्य आणि वर थोडे सुटे पैसे. पाहू या, एवढ्यावर माणूस काम करू शकतो का, असा तो प्रयोग होता. काम म्हणजे खडी फोडणं, माती वाहणं, तळी खोदणं.

मद्रासचा सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश याच्याविरुद्ध खवळून उठला. त्यानं सरकारला आकडे दाखवले, छावण्यांतल्या माणसांची हाडं दाखवली. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. कॅलरी हा शब्द तेव्हा आहाराच्या संदर्भात कोणी वापरत नव्हतं. पण भांडण तेच होतं. एका माणसाला दिवसाला किती? काही महिन्यांनी मद्रास सरकारला तो शिधा वाढवावा लागला.

मी काट्यावर पिठाचा ढीग ठेवून बघितला. ४५४ ग्रॅम. आईच्या हिशेबानं पाच भाकरी. तेल नाही, डाळ नाही, भाजी नाही, आणि दिवसभर खडी. आयसीएमआरच्या २०१० च्या शिफारशीत जड काम करणाऱ्या ६० किलोच्या पुरुषाला ३४९० कॅलरी लागतात असं म्हटलं होतं. म्हणजे टेंपलनं निम्म्याहून कमी दिलं होतं. आणि मला फ्रिज, पंखा, खुर्ची यांच्यासकट तेवढंच दिलं गेलं, तर मी ताईला फोन करून कुरकुर करत होतो.

आमच्या घरात दुष्काळ म्हटलं की सत्त्याहत्तरचा नाही, छप्पन्नचा. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. आजीच्या सासूनं तो लहानपणी पाहिला होता. दर्यापूरकडच्या गावात तरोट्याचा पाला उकडून खाल्ल्याचं आजी सांगायची. तिनं स्वतः पाहिलेलं नव्हतं, पण सांगताना ती स्वतः तिथे असल्यासारखं सांगायची, आणि ताटात घास राहिला तर आम्हाला उठू देत नसे. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. वाढायची ती घटली. वऱ्हाड तर सुपीक काळ्या मातीचा मुलूख. पण १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला, रेल्वे आली, ज्वारीची जमीन कापसाखाली गेली आणि पेवातलं धान्य बाजारात निघून जाऊ लागलं. लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ याच विषयावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं आहे. अकोला-खामगावकडच्या माणसानं ते जरूर वाचावं. तोवर दुष्काळसंहिता झाली होती आणि मजुरीचं कोष्टक त्यात बसवलं होतं, तेही धान्याच्या वजनात. त्या दिवशी बाजारात इतकं धान्य येईल, तेवढे पैसे.

कॅलरी हे माप ताटात आलं ते याच सुमाराला, अमेरिकेत. विल्बर ॲटवॉटरनं १८९० च्या दशकात माणूस मावेल एवढी एक बंद खोली बांधली, आत माणूस ठेवला आणि त्यातून किती उष्णता बाहेर पडते ते मोजलं. एक ग्रॅम पिष्टाला चार, प्रथिनाला चार, चरबीला नऊ, हे आज पाकिटाच्या मागे छापतात ते त्याचंच. मजुराला आणि गरीब कुटुंबाला कमी पैशात पुरेसं बळ कशातून मिळेल, ही त्याची चिंता होती. वजन उतरवायला हे माप वापरायची कल्पना लोकांच्या गळी उतरवली ती कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स या बाईंनी, १९१८ च्या पुस्तकात. पावाची चकती म्हणू नका, शंभर कॅलरीचा पाव म्हणा, असं त्यांचं सांगणं. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे जाड माणसानं कमी खाणं ही देशसेवाही ठरली. बायकांसाठी डाएटवाले १२०० चा आकडा सांगतात, तो त्या पुस्तकापासून चालत आलेला आहे. ती परंपरा शंभर वर्षं टिकली, तेवढी शास्त्रीय कधीच नव्हती.

आपल्याकडे हे काम कुन्नूरच्या प्रयोगशाळेत झालं. एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ज्वारी, बाजरी, तूर, अंबाडी, सगळं जाळून, मोजून. पुढे ती प्रयोगशाळा हैदराबादला गेली आणि गोपालन यांच्या नावानं ओळखलं जाणारं ते जाडं कोष्टक तयार झालं. माझी ३१४ ची भाकर तिथली.

आता मुख्य गोष्ट. आणि ती पुण्यात घडली, दोन मराठी माणसांत.

१९७१ मध्ये गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर त्यांचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब कोणाला म्हणायचं? त्यांनी ठरवलं, ज्याला दिवसाला माणशी २२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च करता येत नाही, तो गरीब. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिन्याला माणशी पंधरा रुपये, शहरात साडेबावीस. या रेषेखाली खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक निघाले. देश हादरला. (२२५०! सूत्रानं माझ्या वजनाला दिलेला आकडा २२५५. हा निव्वळ योगायोग आहे. त्यांची सरासरी पोरंबाळं, म्हातारे सगळे धरून आहे आणि माझी एकट्या खुर्चीवरच्या माणसाची. तरी तो कागद बघून मी जरा वेळ गप्प बसलो.)

पुढच्याच वर्षी, १९७२ चा दुष्काळ. बाबा तेव्हा विशीतले, अकोला जिल्ह्यात एका रस्त्याच्या कामावर हजेरी लावायचे. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, रेशनवर मिळायची. तिची भाकर थापता थापता फाटायची असं आई अजून सांगते. कामावर सुकडी वाटायचे. बाबांना ती आवडायची, आणि साहेबांची सुकडी उरली की घरी आणायचे याची त्यांना शेवटपर्यंत लाज वाटायची. त्या कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती लावून धरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. दांडेकर-रथांनीही आपल्या अभ्यासात रोजगाराच्या हमीचाच उपाय सुचवला होता.

आणि मग उभे राहिले डॉ. पां. वा. सुखात्मे. साताऱ्याकडच्या बुध गावचे. लंडनला संख्याशास्त्र शिकले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत रोमला वीस वर्षं सांख्यिकी विभाग सांभाळला, निवृत्तीनंतर पुण्याला आले. जगात भुकेले किती, हे मोजणारा माणूस. त्यांनी म्हटलं, दांडेकरांची मोजणीच चुकते आहे.

त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. एकच माणूस, एकच काम, तेच वजन. तो एका दिवशी १९०० खातो, दुसऱ्या दिवशी २७००. आठवड्याची सरासरी काढली तरी एक आठवडा वर, एक खाली. तरी वजन तिथेच. म्हणजे शरीर हा हौद नाहीच. आत कमी आलं तर ते खर्च आवरतं, जास्त आलं तर उडवतं. ठरावीक मर्यादेत हे आपोआप चालतं. तेव्हा सरासरीच्या खाली गेला तो उपाशी, असं म्हणता येणार नाही. त्या मर्यादेच्याही खाली जो गेला, तोच खरा उपाशी. असं मोजलं तर उपाशी माणसांची टक्केवारी निम्म्याहूनही खाली येते. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी हे शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. नुसत्या कॅलरी वाढवण्यापेक्षा स्वच्छ पाणी आणि स्वच्छता द्या, खाल्लेलं अंगी तरी लागेल, असाही त्यांचा आग्रह होता.

दांडेकरांनी हे मान्य केलं नाही. वर्षानुवर्षं दोघं लिहीत राहिले, मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त पानंच्या पानं. दांडेकरांचा आक्षेप साधारण असा की एका माणसाचा रोजचा चढउतार वेगळा आणि माणसामाणसांतला फरक वेगळा. कमी खाऊन जो टिकून राहिलेला दिसतो, तो जुळवून घेतो आहे की झिजतो आहे, हे तुमच्या आकड्यांतून कळत नाही. त्याच काळात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 'लहान पण निरोगी' अशी कल्पना मांडली: कमी खाऊन माणसं बुटकी, हलकी राहतात, पण तब्येतीनं ठीक असतात. गोपालन त्यावर संतापले. लहान राहणं ही त्या देहानं दिलेली किंमत आहे, तिला तब्येत म्हणू नका, हा त्यांचा मुद्दा.

मी गोपालन आणि दांडेकरांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण माझे साडेतीन किलो सापडले ते सुखात्म्यांकडे.

कारण शरीर खरंच आवरतं. याचा सगळ्यात कडक पुरावा १९४४-४५ मधला, मिनेसोटाचा. ॲन्सल कीज यांनी युद्धाला नकार दिलेल्या ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. रोजचे सरासरी साधारण १५७० कॅलरी. (होय, पुन्हा तोच आकडा. एक रतल.) त्यांचं वजन जवळजवळ पाव भागानं उतरलं आणि बसल्या जागेचा खर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आला. शरीरानं जुळवून घेतलं म्हणायचं तर घेतलं. कशाच्या बदल्यात? ती पोरं गारठून गेली, चिडकी झाली, पायऱ्या चढवेनात, आणि दिवसभर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. सुखात्मे म्हणतात ते जुळवून घेणं आणि दांडेकर म्हणतात ती झीज, दोन्ही त्या एकाच खोलीत दिसतात.

माझ्या अंगावर चरबीचा साठा आहे, त्या पोरांकडे नव्हता, म्हणून सोळाशेनं माझं तसं होणार नाही. पण थोडं होतंच. ८० किलोच्या देहाचा खर्च ८४ च्या देहापेक्षा कमी. सूत्रातच घालून पाहा, पडून राहण्याचे १६४० चे १६०० झाले. शिवाय नकळत आपण कमी हलतो. मी खरंच लिफ्ट वापरायला लागलो होतो. ७७०० ला भागायचं ते हौदाचं गणित १९५८ मध्ये विश्नोफ्स्की या डॉक्टरनं मांडलेलं. २०११ मध्ये केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ते वजन उतरण्याचा वेग नेहमी फुगवून सांगतं. तोटी भोवतीच्या पाण्याबरोबर लहान होत जाते. आणि सूत्रही मुळात अंदाजच. मिफ्लिनच्या ४९८ माणसांत दर्यापूरचा कोणी नव्हता. त्याआधीचं १९१९ चं हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र १३६ पुरुष आणि १०३ बायकांवर बसवलेलं, त्यातही नाही. भारतीय माणसाचा बसल्या जागेचा खर्च पाश्चात्त्य सूत्रापेक्षा पाचेक टक्के कमी असतो असं आयसीएमआर धरत आलं आहे. माझ्या हिशेबात पाच टक्के म्हणजे रोजचे ऐंशी, पाव भाकर.

बरं, मग वजन तरी किती असावं? इथेही पुणं आडवं येतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय एकच, २२.३. चरबी मोजली तर युडकिनच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दोघांचा तो फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांनी १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला, तेव्हा पावणेतीन किलोच्या आतबाहेरची, हडकुळी दिसणारी बाळंही स्नायूंनी कमी आणि चरबीनं त्या मानानं जास्त निघाली. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटातच हे ठरतं, असं त्यांचं सांगणं आहे. म्हणून आपल्याकडे बीएमआय २५ ला नाही, २३ लाच घंटा वाजवतात. माझा २९.८ होता. बाबा आयुष्यात कधी जाड नव्हते, तरी त्यांना मधुमेह झाला, हे कोडं आम्हाला फार वर्षं पडलं होतं. त्याचं उत्तर तरोट्याच्या पाल्यापर्यंत जातं की नाही, कोण सांगणार. पण मी तिकडे बघायला लागलो आहे.

आमच्याच भागात हा आकडा उलटाही चालतो. परतवाडा, सेमाडोह करत घाट ओलांडला की मेळघाट. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या ३३ प्रकल्पांत धारणी होतं. अंगणवाडीतल्या मुलाला घरच्याशिवाय ३०० कॅलरी द्यायच्या, असं तेव्हा ठरलं. २००९ मध्ये त्या ५०० केल्या, तीव्र कुपोषित मुलाला ८००. मध्ये १९९३ आलं, मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तीव्र कुपोषित मूल सावरायला लागलं की त्याला किलोमागे रोज १५० ते २२० कॅलरी द्याव्या लागतात. सहा किलोचं पोर म्हणजे ९०० ते १३२०. मी ८४ किलोचा, मला १६००. अमरावतीच्या बाईंच्या दवाखान्यातून निघून त्याच रस्त्यानं पुढे गेलं तर दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर हेच गणित, फक्त वजाच्या जागी अधिक.

मोजूच नका म्हणणारेही विदर्भातच झाले. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार. दिवसातून दोनदाच जेवा, मध्ये काही नाही, हे ते व्याख्यानांतून सांगायचे. २ जून २००४ ला ते अपघातात गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ते घरोघर पोचवलं. आमच्या अकोल्याच्या मावशी दीक्षितवाल्या आहेत आणि हे वाचून त्यांचा फोन येणारच आहे, म्हणून सांगतो: मावशी, दोनदा जेवलं की चहाचे चारशे आपोआप जातात, हे मला पटलं आहे. फक्त काकांची साखरेची गोळी चालू आहे, त्यांना उपाशी ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मी मोजतो, पण आता वेगळ्या रीतीनं. रोजचा आकडा लिहीत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, वजन आणि पोटाचा घेर. सुखात्म्यांनी रोजच्या आकड्यावरचा माझा विश्वास घालवला. लिफ्ट सोडली. चहा सहावरून दोनवर आला, तेलाची वाटी आईनं माझ्यासमोरून उचलली. सोळाशेचे मी अठराशे केले आहेत. बाईंना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या चालेल, पण उतरायला वेळ लागेल. लागू दे. मागच्या रविवारी ७९.४ होतं.

भाकरीचं पीठ मात्र आता आईच तोलते. काटा तिला आवडला आहे, शेजारच्या बायांना दाखवते. काल रात्री तिनं विचारलं, "मंग आज किती?" म्हटलं, दीड. तिनं तव्यावरची भाकर उतरवली, मोडली, अर्धी परत टोपल्यात ठेवली, आणि मी पाणी प्यायला वळलो तेवढ्यात ती अर्धीही माझ्या ताटात आली.